कंबर, कैरो आणि झुंबा

रोज नऊ तास खुर्चीत कोड लिहून कंबर धरली, म्हणून बेली डान्स शिकायला लागले. घरी 'झुंबा' सांगितलं. ही लाज कुठली, ते शोधत कैरोपर्यंत पोचले. अरबीत याला 'रक्स शर्की' म्हणतात, पूर्वेकडचा नाच. नावात पोट घुसवलं फ्रेंचांनी! १८३४ मध्ये मुहम्मद अलीनं नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हाकलून दक्षिणेकडे एस्नासारख्या गावांत धाडलं. पण घरातल्या लग्नांत बायका नाचतच राहिल्या. १९२६ मध्ये बदिया मसाबनीनं कैरोत स्वतःचा कॅसिनो काढला, नाचाला रंगमंच दिला.

यात गुडघे सैल ठेवून ओटीपोटाचे, कंबरेचे स्नायू एकेक करून हलवायचे. माझा ठणका तीन महिन्यांत बराच उतरला. आईला अजून झुंबाच वाटतोय.