अल्प-कर्बोदक आहार

अल्प-कर्बोदक आहार ही रोजच्या जेवणातील कर्बोदकांचे प्रमाण कमी करून प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे प्रमाण वाढवणारी आहारपद्धती आहे. तिचा वापर मुख्यतः वजन घटवण्यासाठी आणि टाइप २ मधुमेहात रक्तशर्करा नियंत्रित ठेवण्यासाठी केला जातो. या पद्धतीत साखर, भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा व गोड पेये मर्यादित ठेवतात किंवा वर्ज्य करतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहारास सामान्यतः अल्प-कर्बोदक म्हटले जाते. कीटोजेनिक आहारात हे प्रमाण साधारणतः ५० ग्रॅमपेक्षाही कमी असते.

इतिहास

या पद्धतीच्या आधुनिक प्रसाराची सुरुवात लंडनमधील विल्यम बँटिंग यांच्यापासून मानली जाते. अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. १८६२ साली त्यांचे वजन २०२ पौंड (सुमारे ९२ किलो) होते. डॉ. विल्यम हार्वे यांच्या सल्ल्याने त्यांनी साखर, बटाटे, दूध व बिअर सोडली आणि पाव अगदी थोडा ठेवला. सुमारे वर्षभरात त्यांचे वजन ४६ पौंडांनी (सुमारे २१ किलो) घटले. १८६३ साली त्यांनी हा अनुभव तारीखवार वजनाच्या नोंदींसह पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. स्वीडिश भाषेत ‘वजन घटवण्यासाठी पथ्य पाळणे’ या अर्थी रूढ असलेले ‘बांटा’ हे क्रियापद त्यांच्या आडनावावरून आले आहे.

कीटोजेनिक आहाराचा उगम वेगळा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी १९२१ साली अपस्माराच्या उपचारासाठी तो सुचवला. पुढे डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्या १९७२ सालच्या पुस्तकामुळे अल्प-कर्बोदक आहाराला व्यापक लोकप्रियता मिळाली.

कार्यपद्धती

शरीर कर्बोदकांचा साठा यकृत व स्नायू यांमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात करते. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. कर्बोदके कमी केली की हा साठा वापरला जातो आणि त्यासोबतचे पाणी बाहेर पडते. त्यामुळे पहिल्या एक-दोन आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते. मात्र या घटीत मेदापेक्षा पाण्याचा वाटा बराच मोठा असतो. नेहमीचा आहार सुरू होताच हे पाणी परत साठते. कर्बोदके अत्यल्प राहिल्यास यकृत मेदापासून कीटोन तयार करते व शरीर त्यांचा इंधन म्हणून वापर करते.

परिणामकारकता

२००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ६३ व्यक्तींच्या चाचणीत सहा महिन्यांनंतर अल्प-कर्बोदक गटाचे वजन अधिक घटलेले आढळले. परंतु वर्षाअखेरीस दोन गटांत लक्षणीय फरक उरला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ सालच्या चाचणीत ६०९ व्यक्ती सहभागी होत्या. बारा महिन्यांत अल्प-कर्बोदक गटाचे वजन सरासरी ६.० किलोने, तर अल्प-मेद गटाचे ५.३ किलोने घटले. हा फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ घटले, तर काहींचे वाढले. म्हणून दीर्घकाळ पाळता येईल असा आहार निवडणे महत्त्वाचे मानले जाते.

वजनाची नोंद

अन्न, पाणी व मीठ यांमुळे वजनात दिवसागणिक चढउतार होतात. त्यामुळे एकाच वेळी व एकाच काट्यावर वजन करून आठवड्याची सरासरी पाहणे अधिक उपयुक्त ठरते. वजनकाटा मेद, स्नायू व पाणी यांतील भेद दाखवत नाही. म्हणून कंबरेचा घेरही मोजतात. ही मर्यादा भारतीयांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, म्हणजे २२.३ होता, मात्र शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता. ही तुलना २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली.

लठ्ठपणाचे वाढते प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२२ साली जगातील दर आठ व्यक्तींपैकी एक लठ्ठ होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात अतिवजन किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २०१५–१६ मधील २०.६ टक्क्यांवरून २०१९–२१ मध्ये २४.० टक्के झाले. पुरुषांमध्ये ते १८.९ वरून २२.९ टक्क्यांवर गेले. भारतीय आहारात कर्बोदकांचा वाटा मोठा आहे आणि त्यांतील बराच भाग पांढरा तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांतून येतो. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची आहारपद्धती परिचित आहे. मात्र तिचा मुख्य भर कर्बोदकांच्या प्रमाणापेक्षा दिवसातून दोनदाच जेवण्यावर आहे.

दक्षता

सुरुवातीला डोकेदुखी, थकवा व बद्धकोष्ठता हे त्रास संभवतात. डाळी, फळे व भरड धान्ये पूर्णतः वगळल्यास तंतुमय पदार्थ कमी पडतात. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा कमी करणारी काही औषधे घेणाऱ्यांनी औषधाची मात्रा न बदलता कर्बोदके एकाएकी कमी केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. एसजीएलटी-२ गटातील औषधे घेणाऱ्यांना कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका असतो. म्हणून मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी वैद्यकीय देखरेखीशिवाय हा आहार सुरू करणे योग्य मानले जात नाही.