परदेशात भेटलेला स्थानिक मित्र: ओळख खरी की सापळा?

शांघायचा नानजिंग रोड किंवा बीजिंगमधला वांगफूजिंग बाजार. तुम्ही एकटे फिरताय. दोन तरुण मुली जवळ येतात, फोटो काढून द्यायला सांगतात आणि गप्पा सुरू होतात. आम्ही विद्यार्थिनी आहोत, इंग्रजीचा सराव करायचाय, असं त्या सांगतात. थोड्या वेळाने "जवळच पारंपरिक चहाचा समारंभ आहे, येता का?" असं विचारतात. इवल्याशा कपांमधून चार-पाच प्रकारचे चहा चाखून होतात आणि मग हजारो युआनचं बिल समोर येतं.

यालाच 'टी हाऊस स्कॅम' म्हणतात. ब्रिटन सरकारच्या प्रवास सूचनांमध्येही त्याचा उल्लेख आहे. इस्तंबूलमध्ये याच खेळात चहाऐवजी बार असतो. तक्सीम परिसरात एकट्या पुरुष पर्यटकाशी कुणीतरी दोस्ती करतो, "एकेक ड्रिंक घेऊ" म्हणत ठरलेल्या बारमध्ये नेतो आणि तिथे अवाच्या सवा बिल हाती पडतं.

लोक फसतात कसे?

एकट्या प्रवाशाला बोलायला कुणीतरी हवं असतं. आपुलकीने बोलणाऱ्याला नाही म्हणायला संकोच वाटतो. "इंडिया? शाहरुख खान!" असं कुणी म्हटलं की आपण लगेच खुलतो. शिवाय, इंग्रजीचा सराव करू पाहणारे खरे विद्यार्थीही असतातच. त्यामुळे नुसत्या बोलण्यावरून खरं-खोटं कळत नाही.

मग ओळखायचं कसं?

माणसापेक्षा जागेकडे लक्ष द्या. फसवणुकीचे पैसे ठरलेल्या दुकानात, बारमध्ये किंवा चहाघरातच वसूल होतात. म्हणून स्वतःला तीन प्रश्न विचारा:

• ओळख काढायला आधी कोण आलं?
• कुठे जायचं हे कोण ठरवतंय?
• तिथले दर लिहिलेले दिसतायत का?

शंका आली तर एक साधा उपाय आहे. "तिकडे नको, या समोरच्या कॅफेत बसू" असं सुचवा. ज्याला खरंच गप्पा मारायच्या आहेत, त्याला जागा बदलल्याने सहसा फरक पडत नाही. पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणाचा आग्रह झाला, तर हसून निरोप घ्या.

खात्रीशीर ओळखी कुठे होतात?

ग्रीटर: 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'बिग ॲपल ग्रीटर' सुरू झालं. स्थानिक स्वयंसेवक पाहुण्यांना आपली वस्ती मोफत फिरून दाखवतात. आता अनेक देशांमधल्या शहरांत असे गट आहेत. नोंदणी आधी करावी लागते.

गुडविल गाइड: जपानमधले हे स्वयंसेवक मानधन घेत नाहीत. मात्र सोबत फिरताना त्यांचा प्रवास, प्रवेश तिकीट आणि जेवणाचा खर्च आपण करायचा असतो.

सर्व्हास: दुसऱ्या महायुद्धानंतर, 1949 मध्ये डेन्मार्कमध्ये शांततेच्या विचारातून ही चळवळ सुरू झाली. सदस्य एकमेकांच्या घरी मोफत पाहुणे म्हणून राहतात. सदस्य होण्याआधी मुलाखत होते. भारतातही तिची शाखा आहे.

याशिवाय भाषा शिकणाऱ्यांचे गट, स्वयंपाकाचे वर्ग आणि वाचनालयांतले कार्यक्रम आहेतच. अशा ठिकाणी लोक पर्यटक शोधायला आलेले नसतात. म्हणूनच तिथली ओळख पुढे टिकण्याची शक्यता जास्त असते.

अडकलातच तर?

धमकी किंवा दमदाटी होत असेल तर वाद घालू नका, आधी तिथून सुखरूप बाहेर पडा. पैसे द्यावेच लागले तर बिलाचा फोटो आणि पावती जपून ठेवा. कार्डाने पैसे दिले असतील तर लगेच बँकेला कळवून व्यवहारावर हरकत नोंदवा. पोलिसांसाठी चीनमध्ये 110 आणि तुर्कीत 112 हा क्रमांक आहे. पासपोर्ट गेला किंवा मोठी अडचण आली तर भारतीय दूतावासाशी संपर्क साधा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

याचा अर्थ रस्त्यात बोलणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघावं असा नाही. पत्ता विचारल्यावर चार पावलं सोबत चालणारी माणसं जगभर भेटतात. त्यांच्याशी मनमोकळं बोला. फक्त पहिल्या भेटीत कुठे बसायचं, हे तुम्ही ठरवा.