लांबून पाहण्याची विद्या : ब्रिज कॅमेरा आणि आपला माळ

पणदऱ्याहून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरात जमिनीचा रंग पालटतो. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याचे पाणी जिथवर पोचले तिथवर ऊस उभा राहिला. जिथे पोचले नाही तिथे कुसळी गवताचा आणि बोरी-बाभळींचा माळ तसाच राहिला. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत बागायत आणि जिरायत बांधाला बांध लावून आहेत, आणि इथले वन्यजीवन या दोन्हींत वावरते. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले ते चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र पाच चौरस किलोमीटरहून किंचित अधिक. चिंकारा अर्थातच ती हद्द मानत नाही. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या माळांवर लांडगा, खोकड आणि तरस आहेत. वनविभागाने तिथे माळरान सफारीही सुरू केली आहे. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगाव-डिकसळच्या उथळ पाण्यात, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. भादलवाडीच्या तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वीण होते. आणि हे सगळे वगळले तरी चारीच्या कडेला खंड्या, तारेवर वेडा राघू, नांगरटीमागे गायबगळे, खोडव्यात मुंगूस हे रोजचेच आहे.

अशा मुलखात राहून वन्यजीवांचे फोटो काढू पाहणाऱ्यासाठी हे पुस्तक आहे. त्याच्या हातात सुपरझूम, म्हणजेच ब्रिज कॅमेरा असेल असे आम्ही गृहीत धरले आहे. नाइलाज म्हणून नव्हे. या प्रदेशाला हे साधन खरोखर मानवते असे आमचे मत आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

भारतातले वन्यजीव छायाचित्रण जंगलात जन्मले. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवी. वाघाच्या पावलानेच कॅमेरा चाले आणि उजेड पडे. त्याचे पुस्तक १९२७ साली निघाले. तेव्हापासून लोकांच्या मनातले चित्र फारसे हललेले नाही : राखीव जंगल, जिप्सी, वाघ, आणि फोटोग्राफर ज्याला तोफ म्हणतात ती लेन्स. ६०० मिमी, एफ/४ ची अशी लेन्स तीन किलोच्या आसपास भरते आणि तिची किंमत दहा लाखांच्या वर जाते. सकाळी दूध घालून, दुपारी शाळेत शिकवून किंवा एमआयडीसीतली पाळी करून उरलेल्या वेळात माळावर जाणाऱ्या माणसाचे हे साधन नव्हे. त्याला मोटारसायकलच्या डिकीत मावणारे काहीतरी हवे होते. ते गेल्या दशकात मिळाले. निकॉनचा पी९०० २०१५ साली आला : ८३ पट झूम, वजन ८९९ ग्रॅम. २०१८ साली पी१००० आला, १२५ पट झूमचा, वजनाने सुमारे १.४ किलो. कॅननचे एसएक्स५० ते एसएक्स७०, पॅनासोनिकचे एफझेड, सोनीचे आरएक्स१० हे याच घराण्यातले. या सगळ्यांत लेन्स कायमची बसवलेली असते, ती बदलता येत नाही, आणि पाहायला इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर असतो.

आता त्या मोठ्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेऊ, कारण निराशेचे मूळ बहुतेक तिथेच असते. पी९०० वर ‘२००० मिमी’ असे सांगितले जाते. लेन्सची प्रत्यक्ष नाभीय लांबी ३५७ मिमी आहे. सेन्सर फार लहान, सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिमी, म्हणून चौकटीत जगाचा तेवढाच अरुंद तुकडा मावतो जेवढा ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यात २००० मिमीची लेन्स दाखवेल. मोठ्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिमीच्या सेन्सरचे क्षेत्रफळ याच्या तीसपट आहे. चौकटीची रुंदी किती भरते तेही काढून पाहावे : २००० मिमीला शंभर मीटरवर १.८ मीटर. पूर्ण वाढलेला चिंकारा लांबीला मीटरभर, म्हणजे शंभर मीटरवरचा आडवा उभा चिंकारा चौकटीचा निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापतो. त्याला उठवायची गरज नाही, त्याच्यामागे रांगायची गरज नाही. हे सामर्थ्य खरे आहे आणि या किमतीत पूर्वी कोणालाच मिळालेले नव्हते.

मर्यादा प्रकाशाची आहे. ३५७ मिमीला भिंगाचे तोंड एफ/६.५ असते, म्हणजे प्रकाश आत घेणारे प्रभावी छिद्र सुमारे ५५ मिमी व्यासाचे. तोफेचे ते १५० मिमी. त्याच पक्ष्याकडून, त्याच अंतरावरून, तोफ सातपट प्रकाश गोळा करते. यावर कोणतेही सॉफ्टवेअर नाही. शिवाय एफ/६.५ ला विवर्तनामुळे प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर आठ-नऊ मायक्रॉनचा ठिपका होतो, आणि पी९०० चा एक पिक्सेल असतो साधारण १.३ मायक्रॉनचा. पूर्ण झूमला १६ मेगापिक्सेलचा तपशील मिळत नाही तो यामुळे. फोटो पूर्ण मोठा करून पिसे मोजत बसू नये. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकारात तो सुरेख दिसतो आणि ओळख पटायला तेवढे पुरते.

हा कॅमेरा घेतल्यावर पहिल्या पौर्णिमेला प्रत्येक जण चंद्राचा फोटो काढतो. काढावाच, कारण त्यात एक धडा आहे. २००० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीचा तीन-चतुर्थांश भाग भरतो आणि विवरे स्वच्छ दिसतात. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीडशे मीटरवर बसलेला भोवत्या (हॅरियर) राखाडी चिखलासारखा का येतो? चंद्र हा भर उन्हात पडलेला खडक आहे. रात्र आपल्याकडे असते, चंद्रावर नव्हे. भोवत्या मात्र सूर्य टेकल्यावर मुक्कामाच्या गवतात उतरतो. स्वच्छ उन्हात एफ/६.५ ला आयएसओ १०० वर शटर १/६०० च्या आसपास मिळते. सांजवेळी उजेड सोळापट घटला की तेच शटर राखायला आयएसओ १६०० लागतो, आणि एवढ्या लहान सेन्सरवर १६०० ला पंखावरच्या बारीक रेघा विरघळून जातात. कंप रोखणारी यंत्रणा हाताची थरथर झाकते, त्यामुळे बसलेल्या पक्ष्याला १/१०० सुद्धा चालते. पण मान वळवणाऱ्या पक्ष्याचे हलणे तिला थांबवता येत नाही. एक इंची सेन्सरच्या सोनी आरएक्स१० मालिकेत हा त्रास पुष्कळ कमी आहे. तिथे पोच ६०० मिमीला थांबते. अधिक प्रकाश की अधिक पोच हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मुलखाकडे पाहून सोडवावा. माळासाठी आम्ही पोच निवडू, उसाच्या सावलीतल्या चारीसाठी प्रकाश.

दुसरी मर्यादा कॅमेऱ्यात नाहीच, ती हवेत आहे. हिवाळ्यातसुद्धा दहा वाजले की माळ तापू लागतो आणि जमिनीलगतची हवा थरथरते. झूम प्राण्याला जवळ आणतो तसा मधल्या सगळ्या हवेलाही आणतो. दोनशे मीटरवरच्या लांडग्याचे पाय वितळल्यासारखे दिसतात, फोकस बरोबर असूनही. महागड्या लेन्सचीही यातून सुटका नाही. इथे एक पेच आहे : जमिनीला टेकून काढलेला फोटो देखणा येतो, पण दृष्टिरेषा जितकी जमिनीजवळ तितकी हवेची थरथर अधिक. आमचा सल्ला असा की सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत जमिनीलगत बसावे, नंतर उठून उंच बांधावर यावे, आणि अकरानंतर शंभर मीटरपलीकडचे काही काढू नये. गाडीतून काढत असाल तर इंजिन बंद करून बॉनेट निवू द्यावे. त्याच्यावरून उठणारी गरम हवाही चौकटीत येते. पाऊस पडून गेल्यावरची उघडीप सगळ्यात उत्तम. हवा धुतलेली, जमीन थंड.

आता प्रत्यक्ष माळावर एक पक्षी घेऊ. धाविक. मातकट-नारिंगी अंग, डोळ्यामागून गेलेली पांढरी-काळी पट्टी. हा दहा पावले पळतो, गपकन थांबतो, वाकून काहीतरी उचलतो, पुन्हा पळतो. पूर्ण झूमला चौकट एवढी अरुंद असते की तो एकदा बाहेर पडला की सापडत नाही, आणि घाबरून कॅमेरा इकडेतिकडे फिरवला की तो मुळीच सापडत नाही. अशा वेळी झूम मागे आणावा (पी९०० वर यासाठी लेन्सच्या बाजूला बटण आहे, ते दाबून धरले की चौकट रुंदावते आणि सोडले की पूर्ववत होते), पक्ष्याजवळची एखादी ठळक खूण, दगड किंवा वाळलेले झुडूप, मध्यावर आणावी आणि मग पुढे जावे. फोकस समोरच्या गवताच्या काड्या पकडतो. फोकसचा चौकोन सर्वांत लहान ठेवला आणि पक्ष्याच्या पायाजवळच्या मातीवर धरला तर तो जमतो. धाविक थांबला की लगेच बटण दाबावे. त्याचा थांबा दोन श्वासांचा असतो, आणि बर्स्ट मारल्यावर हे कॅमेरे कार्डावर लिहीत बसतात, तेवढा वेळ काहीच करता येत नाही. म्हणून दोन-तीन फोटोंचे लहान बर्स्ट. उडत्या पक्ष्याचे म्हणाल तर रोहितांचा थवा किंवा चित्रबलाक जमतो, पाकोळी जमत नाही. तिथे वेळ घालवू नये.

तरीही हे सगळे कशासाठी? सुंदर फोटो हे एक उत्तर आहे आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण या साधनाचे खरे मोल आम्हाला नोंदीत दिसते. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या खोऱ्यात संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, जिथे राखीव जंगल नाही अशा मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तेवढेच तरस आढळले. माणसांनी भरलेल्या शेतशिवारात एवढे मोठे प्राणी नांदतात हे फोटोंनी सिद्ध केले. एकेका पक्ष्याची ओळखही अशीच ठरते. हिवाळ्यात माळावर येणाऱ्या भोवत्यांपैकी माँटेग्यूचा कोणता आणि पांढुरका कोणता यावर डोळ्यांनी पाहून वाद घालत बसता येते. उघडलेल्या पंखाचा एक फोटो, मग तो कितीही रवाळ असो, वाद मिटवतो. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर काळी आडवी रेघ असते, पांढुरक्याच्या नसते. मंगोलियात ज्यांच्या मानेभोवती क्रमांकाचे पट्टे चढवले असे पट्टकादंब भारतातल्या जलाशयांवर दिसले आहेत. तो क्रमांक वाचायला दुर्बीण अपुरी पडते, लांब झूम पुरतो.

नावांसाठी मराठी वाचकाला परकी दारे ठोठावायला नकोत. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ घरात असावा. या पुस्तकात आम्ही शक्य तिथे त्यातली आणि गावात चालणारी अशी दोन्ही नावे दिली आहेत; मेंढपाळांकडून मिळालेली नावे वेगळ्या टिपेत आहेत, कारण माळ त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नाही. त्यांच्या वाड्याजवळ जाताना आधी बोलावे, मग कॅमेरा काढावा. लांडग्याशी त्यांचा संबंध रोजचा आणि नुकसानीचा आहे, तो आपल्या छंदापेक्षा मोठा आहे. शेतमालकाला विचारल्याखेरीज बांधावर चढू नये हे इथल्या माणसाला सांगायला नकोच, बाहेरून येणाऱ्याला सांगावे लागते.

लांब झूम हाती असताना जवळ जाण्याला काही कारण उरत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की तिची अंडी तुमच्या पायाशी आहेत; आल्या पावली मागे फिरावे. लांडग्याची पिल्ले हिवाळ्यात होतात. बिळाजवळ माणसाचा वावर वाढला की मादी पिल्ले दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत कुत्र्यांनी गाठण्याचा धोका असतो. म्हणून बीळ, घरटे आणि मुक्कामाचे गवत यांची नेमकी जागा कोणत्याही गटावर टाकू नये, तालुक्याच्या नावावर थांबावे. भिगवणला नावाड्याला रोहितांच्या थव्यात होडी घालायचा आग्रह करू नये. तो तुमच्या बक्षिशीसाठी ऐकेल आणि थवा उठेल. उथळ पाण्यात पोट भरायला आलेल्या पक्ष्यांची ती सकाळ वाया जाते. चिंकारा आणि लांडगा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे, पण आमचे म्हणणे कायद्यापुरते नाही. जो प्राणी तुम्हाला पाहून चरायचा थांबला त्याच्या फोटोत तुम्ही आलात, त्याचे रोजचे जगणे आले नाही.

नव्याने येणाऱ्याने सुरुवात दूरच्या अभयारण्यापासून करू नये. घराजवळचा एक पट्टा धरावा : कालव्याच्या भरावाचा रस्ता, एखादी चारी, गायरान, पाझर तलाव. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तोच पट्टा आठवड्या-आठवड्याला बदलतो. कोयते चालू लागतात, उसाची भिंत मागे हटते, पाचटातून उंदीर आणि किडे बाहेर पडतात, आणि कोतवाल, बगळे, कापशी असे सगळे फडाच्या कडेला जमतात. उसात दडलेले कोल्हे आणि रानमांजरे जागा बदलतात. तोड झालेल्या फडातून ती कुठे जातात, खोडवा छातीइतका वाढल्यावर परततात की नाही, ही माहिती रोज त्या वाटेने जाणाऱ्यालाच गोळा करता येईल. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, शिवार, अंदाजे अंतर आणि प्राणी काय करत होता हे एका ओळीत लिहावे. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर आहे ना ते पाहावे, मूळ फाइल न कापता जपावी, आणि पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर चढवाव्यात. पहिल्या प्रकरणात त्या वहीचा नमुना दिला आहे.