वस्तरा कुणाच्या हातात?

हुपरीतल्या आमच्या पोरांमध्ये हल्ली डोक्याचा चकोट करायची लाट आली आहे. कुणाचे केस पंचविशीतच विरळ झालेत, कुणाला चांदीच्या कारखान्यात भट्टीजवळ बसून घाम सोसवत नाही, कुणाला श्रामणेर शिबिराला जायचंय. पैंजण घडवणाऱ्या या गावात धातू आणि धार यांची जाण सगळ्यांनाच आहे, त्यामुळे चर्चा लगेच हत्यारावर येते. कुठला रेझर घ्यायचा? तीन ब्लेडचा की साधा? स्वतःचं डोकं स्वतःला जमतं का?

प्रश्न किरकोळ वाटतो. पण आमच्या आज्यापणज्याच्या काळात हा प्रश्न कुठला रेझर असा नव्हताच. माझ्या डोक्याला हात कोण लावणार, असा होता. म्हणून रेझरचं उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगणं भाग आहे.

जुना वस्तरा हातात धरून बघा. उघडं पातं, एक मूठ, सहाणेवर आणि चामड्याच्या पट्ट्यावर लावलेली धार. अशा पात्याने आरशात बघून गालावरची दाढी कशीबशी करता येते. डोक्याचा मागचा भाग, कानामागची खळगी, मानगूट, इथे तो स्वतःच्या हाताने चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. वस्तऱ्याला दुसऱ्याचा हात लागतो. आणि ज्या समाजात दुसऱ्याचा हात जातीने ठरतो, तिथे केस वाढणं हीसुद्धा जातीची भानगड होते.

गावगाड्यात न्हावी बलुतेदार होता. त्याचं बलुतं धान्यात, सुगीला ठरलेलं. त्याच्या धोपटीतला वस्तरा गावात फिरायचा, पण महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या वेशीवर थांबायचा. न्हावी म्हैस भादरील पण महाराची डोई भादरणार नाही, हे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सहज यायचं, तक्रार म्हणूनही नाही. मग वाड्यातलाच हात बसलेला एखादा माणूस सगळ्यांची हजामत करायचा. गावाने नाकारलेली सेवा आपल्यातच उभी करायची, हे आमच्या लोकांनी फार आधीपासून केलं. त्यात कौशल्य होतं. पण ते आवडीने निवडलेलं नव्हतं.

याचा सगळ्यात नेमका पुरावा बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत ते साताऱ्याच्या बालपणाबद्दल सांगतात. साताऱ्यात न्हाव्यांची टंचाई नव्हती. सुभेदार रामजींच्या घरात हजामतीचे पैसे द्यायची ऐपत होती. तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापायची, आणि कापून कापून त्यात तरबेज झाली होती. कारण एकच, अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुठलाही न्हावी तयार नव्हता. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेल्या या मुलांना वाटेत गाडीवान मिळेना, पाणी मिळेना, तो प्रसंग याच लेखनात आहे आणि तो सगळ्यांना पाठ असतो. थोरल्या बहिणीच्या कात्रीकडे मात्र आपण वाचता वाचता पुढे जातो. आम्हाला तिथे थांबावंसं वाटतं. प्रवासातला अपमान एका दिवसाचा होता. कात्री दर महिन्याची होती.

याच सुमारास सातासमुद्रापार काय चाललं होतं, तेही बघा. किंग कॅम्प जिलेट नावाच्या अमेरिकन माणसाने फेकून देता येणाऱ्या पातळ ब्लेडचा सेफ्टी रेझर काढला. तो १९०३ मध्ये विक्रीला आला. पात्याला दोन्ही बाजूंनी आडोसा दिल्यामुळे धार कातडीत खोल शिरत नाही, म्हणजे शिकलेल्या हाताची गरज राहत नाही. जिलेटला जातीपातीशी देणंघेणं नव्हतं, त्याला ब्लेड विकायची होती. पण दुसऱ्याच्या हातावाचून दाढी-डोई करण्याची सोय या यंत्राने करून दिली आणि काही दशकांत ती आमच्या वाड्यांतही पोहोचली. रेल्वे, गिरणी, छावणी आणि ब्लेड, बलुतेदारीला तडे पाडणाऱ्या गोष्टींच्या यादीत आम्ही ब्लेडही धरतो. सवर्णांचं मतपरिवर्तन या यादीत बरंच खाली येतं.

आता डोई भादरणं याचा अर्थ. ब्राह्मणी व्यवस्थेत वस्तरा नुसता सफाईसाठी नव्हता, शिक्षेसाठीही होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक तरतूद आहे. ज्या अपराधाला इतर वर्णांसाठी देहदंड, तिथे ब्राह्मणाचं नुसतं मुंडन करावं. एकाचे केस जातात तिथे दुसऱ्याचं डोकं जातं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं, ते उगाच नाही जाळलं. याच व्यवस्थेने ब्राह्मण घरातल्या विधवांचं केशवपन केलं, आणि त्या कामाला राबवलं न्हाव्याला. १८९० च्या सुमारास सत्यशोधक चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. हत्यार ज्याच्या हातात, त्यानेच नाही म्हटलं. फुले-लोखंड्यांच्या चळवळीतलं हे पान आमच्या नव्या पोरांना पुरेसं माहीत नाही, याची खंत वाटते.

आणि ही शिक्षा जुन्या काळात संपली असं समजू नका. दलित तरुणाला पकडून जबरदस्तीने डोकं भादरणं, मिशी काढणं, असे प्रकार इतके घडत आले की अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती करताना कलम ३(१)(ई) मध्ये ते शब्द लिहूनच घालावे लागले. २६ जानेवारी २०१६ पासून ती दुरुस्ती लागू आहे. डोईवरचे केस हा कायद्याचा विषय आहे, हे त्या कलमावरून कळतं.

या सगळ्याला दुसरं टोक आहे आणि ते अडीच हजार वर्षं जुनं आहे. भगवान बुद्धांच्या संघात भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तू सांगितल्या आहेत. तीन चीवरं, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, पाणी गाळायचं फडकं आणि वस्तरा. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात तर वस्तरा, त्याची सहाण, त्याचं म्यान, सगळं ठेवायला परवानगी दिलेली आहे. केस दोन महिने किंवा दोन बोटं, यापेक्षा जास्त वाढवायचे नाहीत, हेही तिथेच. म्हणजे संघाने काय केलं? मुंडनाचं काम एका जातीकडून काढून घेतलं आणि वस्तरा प्रत्येकाच्या झोळीत टाकला. क्षत्रिय असो की चांडाळ, भिक्खू झाल्यावर एकमेकांची डोई करायची.

शाक्य राजकुमारांचा न्हावी उपाली याची गोष्ट ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी घेतली आहे. राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले आणि त्यांनी बुद्धांना विनंती केली की आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे त्याला आम्ही वंदन करू आणि आमचा शाक्यपणाचा गर्व उतरेल. पुढे विनयाचा सगळ्यात मोठा जाणकार तोच झाला. काल ज्याच्यापुढे डोकं हजामतीला वाकवायचं, आज त्याच्यापुढे वंदनाला वाकवायचं. दीक्षेच्या विधीची गोडगोड वर्णनं करणाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा.

म्हणून शिबिराला जाणाऱ्या पोरांनी रेझर विचारला की आम्हाला बरं वाटतं. आता त्याबद्दल थोडं कामाचं.

सलूनमधला आजचा वस्तरा अर्ध्या ब्लेडचा असतो. तोही उघड्या पात्याचाच आणि दुसऱ्याच्या हातासाठीच आहे. घरी स्वतःवर वापरायला तो घेऊ नका, कितीही रुबाबदार दिसला तरी. उरतात दोन. जुन्या पद्धतीचा, दोन धारांचं ब्लेड बसणारा सेफ्टी रेझर आणि दोन-तीन ब्लेडचं बदलतं डोकं असलेला रेझर. पहिल्याचं ब्लेड अगदी स्वस्त, हत्यार वर्षानुवर्षं टिकतं, पण कोन आपल्या हाताने सांभाळावा लागतो. दाढीसाठी ज्याचा हात त्यावर बसलाय त्यानेच तो डोक्याला लावावा. नवख्याने हलणाऱ्या डोक्याचा रेझर घ्यावा. टाळूवर चढ-उतार असतात, मागे हाडाचा उंचवटा असतो, तिथे ते डोकं आपोआप वळतं. ब्लेडं जितकी जास्त तितकं चांगलं, ही जाहिरातीतली बात. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना पाच ब्लेडच्या रेझरने उलट पुळ्या येतात, कारण केस कातडीच्या खाली कापला जातो आणि आतच वळतो. त्यांना एक-दोन ब्लेडच बरी.

आधी ट्रिमरने केस अगदी बारीक करून घ्या. लांब केसांवर थेट रेझर चालवला तर तो तुंबतो, मग माणूस जोर लावतो आणि कापून घेतो. आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, साबणाचा फेस भरपूर लावून, केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात मारा. दाब नको. मागच्या बाजूला आरशापेक्षा दुसऱ्या हाताची बोटं जास्त खरं सांगतात. कान मुडपून धरा. शेवटी गार पाणी आणि तुरटी. कारखान्यातून थेट येऊन बसणाऱ्यांनी आधी हात स्वच्छ धुवावेत, हे हुपरीत वेगळं सांगायला हवं.

आणि शिबिरात एकाच ब्लेडने रांगेने डोकी करणं बंद करा. एका डोक्याचं रक्त दुसऱ्याला लागलं की कावीळ-ब आणि एचआयव्हीचा धोका असतो. ज्याचं त्याचं ब्लेड, ज्याचा त्याचा रेझर. संघाचा नियमही तसाच आहे.

इथवर कुणाचा वाद नसेल. वाद पुढे आहे. स्वतःची डोई स्वतः करणं हा स्वाभिमान, म्हणून सलूनची गरजच काय, असं आमचे काही तरुण म्हणतात. आणि एखाद्या गावात खुर्ची नाकारली गेली की तिथले समजूतदार म्हणवणारे लोकही हेच म्हणतात, जाऊ दे बाबा, आता मशीन स्वस्त झालंय, घरीच कर. दोघांचे शब्द एकच निघतात. आम्हाला हे मान्य नाही.

आपल्या हातकणंगले तालुक्यातलं माणगाव हुपरीपासून लांब नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथे परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना आपल्या लोकांचा पुढारी म्हणून सगळ्यांसमोर मानलं. याच महाराजांनी त्याआधी सरकारी शाळा-दवाखान्यांत शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम काढले होते. पण हुकूम सरकारी दारापर्यंतच पोहोचतो. चहाच्या दुकानाचं काय? तिथे महाराजांनी काय केलं, तर गंगाराम कांबळेंना कोल्हापुरात हॉटेल घालायला मदत केली आणि स्वतः जाऊन त्यांच्या हातचा चहा घेतला. घरी चहा करून पी, असं त्यांनी गंगारामांना सांगितलं नाही. खाजगी दुकानातली देवाणघेवाण हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्या कपात होतं.

तेच संविधानात आलं. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा चालू होती. ‘दुकान’ या शब्दात लाँड्री, केशकर्तनालय येतं का, असा प्रश्न सदस्यांकडून आला. बाबासाहेबांनी दुकानाचा अर्थ व्यापक सांगितला. जो माणूस येणाऱ्याला आपली सेवा द्यायला बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान, न्हाव्याचंही त्यात आलं. आणि नुसतं आत शिरू देणं पुरेसं नाही, मोबदला ठरला की सेवा मिळाली पाहिजे. साताऱ्यात बहिणीच्या कात्रीखाली बसलेला मुलगा दिल्लीत उभा राहून हे सांगत होता. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं. १९५५ च्या कायद्याचं, ज्याला १९७६ पासून आपण नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतो, कलम ६ म्हणजे सेवा नाकारण्याचा गुन्हा.

बहिणीला हात बसला होता म्हणून बाबासाहेबांनी न्हाव्याचं दार सोडून दिलं नाही. ट्रिमर घरात आला म्हणून आम्ही ते का सोडावं?

मात्र भांडताना समोर कोण आहे ते ओळखा. २०२० मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या नंजनगूड तालुक्यात हल्लरे गावातली बातमी आली होती. तिथल्या न्हाव्याने दलितांचे केस कापले, तर गावातल्या वरच्यांनी त्याच्यावरच दंड आणि बहिष्कार घातला. शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावांतही नकार न्हाव्याच्या तोंडून यायचा, पण त्याच्या बलुत्याची पाटी दुसऱ्याच्या हातात असायची. तो स्वतः शूद्र, शिवा काशीदांच्या जातीचा, पन्हाळ्याच्या वेढ्यात जीव दिला तरी पंगतीत बाजूला बसणारा. नाभिक समाजातल्या तरुणांशी आमचं भांडण नाही, बोलणं व्हायला हवं, आणि ते लोखंड्यांच्या त्या सभेपासून सुरू करता येईल.

असा कुणी दुकानदार आपल्या भागात सगळ्यांना एका खुर्चीवर बसवत असेल आणि त्यावरून त्याला गाव त्रास देत असेल, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा आहे, तक्रारीला त्याच्या सोबत पोलीस ठाण्यात जा. आणि महिन्यातून एकदा, घरचा रेझर घरी ठेवून, त्याच्या दुकानात नंबर लावा, दर विचारा आणि पैसे देऊन या.