अर्ध्या दिवसाचा समुद्र : कॅरिबियनची कॅटमरान आणि मालवणचे प्रवाळ

पुण्याहून साताऱ्याकडे निघाल्यावर नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागते. येथून समुद्र दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. या भागातली मुले पोहायला शिकतात ती नीरेच्या डोहात नाही तर मळ्यातल्या विहिरीत, पाठीला डबा किंवा सुके भोपळे बांधून. तथापि गेल्या काही वर्षांत या परिसरातल्या अनेक घरांत एक विशिष्ट छायाचित्र येऊन पोहोचले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा किंवा पुतणी नाताळच्या सुट्टीत कॅरिबियन बेटांकडे जाते आणि तेथून छायाचित्रे पाठवते. दोन पांढऱ्या सांगाड्यांवर उभारलेली रुंद शिडाची नौका, निळे-हिरवे पाणी आणि चेहऱ्यावर काचेचा मुखवटा चढवलेले नातवंड. मग घरी प्रश्न निघतो, की हे आपल्याकडे कोठे करता येईल? त्याचे उत्तर शिरवळपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, मालवणला आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी हा अर्ध्या दिवसाचा प्रकार मुळात काय आहे, हे समजून घेतलेले बरे.

कॅरिबियनमध्ये तो ठरलेल्या साच्याचा असतो. सकाळी नऊच्या सुमारास धक्क्यावरून निघायचे, तासभर शिडावर जायचे, प्रवाळ असलेल्या उथळ जागी नौका बांधायची, तासभर पाण्यात घालवायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत परतायचे. याचे चांगले उदाहरण म्हणजे सेंट क्रॉय बेटाजवळचे बक आयलंड. सेंट क्रॉय हे अमेरिकेने १९१७ मध्ये डेन्मार्ककडून विकत घेतलेल्या व्हर्जिन बेटांपैकी एक. त्याच्या उत्तरेस असलेल्या निर्मनुष्य बक आयलंडला आणि सभोवतालच्या प्रवाळभित्तीला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी डिसेंबर १९६१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. तेथे पर्यटकांना नेण्याचा व्यवसाय कोणालाही मनाला येईल तेव्हा सुरू करता येत नाही. राष्ट्रीय उद्यान सेवेचा परवाना असलेल्या मोजक्या नौकांनाच तो करता येतो. पाण्याखाली पोहत जाण्यासाठी एक आखलेली वाट आहे आणि तिच्यावर माहितीच्या पाट्या आहेत.

या नौकेचे नाव मात्र आपल्या शेजारचे आहे. तमिळमध्ये 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेली लाकडे. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके दोरांनी बांधून जे तराफे समुद्रात लोटत, त्यांचे हे नाव युरोपीय खलाशांनी उचलले आणि पुढे ते दोन सांगाड्यांच्या नौकेला चिकटले. वस्तुतः दुहेरी नौकेची परंपरा तमिळ कोळ्यांची नव्हे, ती पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन दर्यावर्दींची. अमेरिकेत नॅथानिएल हेरेशॉफ यांनी १८७६ मध्ये 'अमॅरिलिस' नावाची कॅटमरान शर्यतीत उतरवली. एक सांगाड्याच्या नौकांना तिने इतके मागे टाकले की अशा नौकांना शर्यतीतून वगळण्यात आले! पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या आजच्या कॅटमरानचा पूर्वज म्हणजे वूडी ब्राऊन यांनी १९४७ मध्ये हवाईत बांधलेली 'मानू काई'.

तिचे गमक रुंदीत आहे. एकाच सांगाड्याची शिडाची नौका वाऱ्याच्या दाबाने कलते आणि तिला सावरण्यासाठी तळाशी जड वजन लागते. कॅटमरानचे दोन सांगाडे एकमेकांपासून दूर असल्याने ती फारशी कलत नाही. जड तळाची गरज नसल्यामुळे तिला पाणीही थोडेच लागते आणि ती प्रवाळांच्या उथळ भागाजवळ जाऊ शकते. पहिल्यांदाच समुद्रावर आलेल्या आजी-आजोबांना सपाट डेकवर बसता येते, हा आणखी एक लाभ. आपल्या कोकणातही हे तत्त्व अपरिचित नाही. लहान होडीला एका बाजूस आडव्या दांड्यांवर जे लाकूड बांधतात, ती 'उलांडी'. होडी कलू लागली की उलांडी तिला सावरते. उलांडीची होडी आणि कॅटमरान ही एकाच कुळातली चुलत भावंडे म्हणावी लागतील.

नळी, मुखवटा आणि पोहता न येणारे

स्नॉर्केलिंग म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत, तोंडात धरलेल्या नळीने श्वास घेत खालचे जग पाहणे. स्कूबा डायव्हिंगप्रमाणे येथे पाठीवर हवेची टाकी नसते. नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब असते आणि ती याहून लांब का करीत नाहीत, हा प्रश्न चौकस मुले हमखास विचारतात. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. केवळ एक मीटर खाली गेले तरी छातीवरचा दाब इतका वाढतो की वरची हवा नळीतून आत ओढणे स्नायूंना जड जाते. शिवाय नळी लांब असली तर सोडलेलीच हवा तिच्यात अडकून पुन्हा आत येते. म्हणून नळी आखूड, आणि पाहणारा पृष्ठभागावरच.

मुखवट्यात नाकही झाकलेले असते, ते बाहेरच्या दाबाशी आतील हवेचा दाब जुळवता यावा म्हणून. काचेतून पाहताना पाण्यातील वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात. मासा हातभर होता असे परतल्यावर कोणी सांगू लागले, तर एवढी सूट द्यावी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे थोड्या खोलीवरच सारे निळसर-करडे भासू लागते.

पोहता येत नसले तरी जीवरक्षक जाकीट घालून स्नॉर्केलिंग करता येते. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्क्यांनी अधिक असते आणि नीरेच्या डोहात पोहलेल्या माणसाला हा फरक पहिल्या मिनिटातच जाणवतो. अंग आपोआप वर राहते. अडचण येते ती श्वासाची. नाकाने श्वास घेण्याची जन्माची सवय मोडून केवळ तोंडाने, सावकाश श्वास घ्यायला शिकावे लागते. ही सवय उथळ पाण्यात, वाटाड्याचा हात धरून दहा मिनिटे केली तर पुढचा तास सुखाचा जातो. घाई केली तर पहिल्याच लाटेला नळीत पाणी शिरते, मनुष्य घाबरतो आणि पाय खाली टेकवतो. सारा घोटाळा या पाय टेकवण्यात आहे. त्याकडे पुढे येऊ.

सिंधुदुर्गाच्या सावलीत

शिरवळकरांना मालवणशी जोडणारा एक जुना धागा आहे. १६४८ मध्ये शिवाजी महाराजांच्या कावजी मल्हार यांनी शिरवळचा सुभानमंगळ हा भुईकोट आदिलशाही फौजेकडून घेतला. स्वराज्याच्या अगदी प्रारंभीच्या लढायांपैकी ही एक. नदीकाठच्या मातीच्या कोटापासून सुरू झालेली ही वाटचाल सोळा वर्षांनी समुद्रात पोहोचली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. सुमारे ४८ एकरांचा हा जलदुर्ग, त्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि राजाराम महाराजांनी बांधवलेले शिवराजेश्वर मंदिर यांविषयी वाचकांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत सिंधुदुर्ग आहे. पर्यटक मात्र बहुधा तटाच्या आतलेच पाहून परततो. तटाच्या बाहेर, पाण्याखाली जे आहे ते त्याहून कितीतरी जुने आहे.

येथे कॅरिबियनसारखी शिडाची कॅटमरान सहसा मिळत नाही. फायबरची यांत्रिक होडी बंदरातून निघते आणि थोड्याच वेळात किल्ल्यालगतच्या खडकाळ भागात थांबते. पाणी पुरुषभर, फार तर दोन पुरुष खोल. शिडाची मौज नाही हे मान्य केलेच पाहिजे. पण पाण्यात उतरल्यावर तो फरक उरत नाही. खडकांवर पोराइट्स जातीच्या प्रवाळांचे गोलसर गोळे, टर्बिनेरियाच्या पसरट वाट्या, समुद्रफुले आणि काळ्या काट्यांच्या समुद्री साळी दिसतात. त्यांच्यामधून फुलपाखरी मासे आणि काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे फिरत असतात. कॅरिबियनच्या पारदर्शक पाण्याची अपेक्षा ठेवून गेलेल्यांची निराशा होते. येथील पाण्यात खाड्यांचा आणि पावसाळ्याचा गाळ असतो. पण अशा गढूळ पाण्यातही हे प्रवाळ तग धरून राहिले आहेत, हेच खरे तर नवल होय. सलग प्रवाळभित्ती न बांधता ते खडकांवर तुकड्यातुकड्यांनी वाढतात.

राज्य शासनाने १९८७ मध्ये या भागाला सागरी अभयारण्य घोषित केले. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांचा परिसर त्याच्या गाभा क्षेत्रात येतो. स्थानिक मच्छीमारांनी या घोषणेला विरोध केला आणि तो समजण्याजोगा होता, कारण पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळे टाकले तेच पाणी एका अधिसूचनेने पराये होणार अशी भीती होती. पुढच्या काळात त्याच घरांतील अनेक तरुण पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखवू लागले. म्हणजे प्रवाळ टिकले तर ज्यांचे घर चालते, असा एक वर्ग आज तेथे आहे. कोणत्याही पाटीपेक्षा हे संरक्षण अधिक भरवशाचे. अट एवढीच की येणाऱ्या पाहुण्यांनी त्यांच्या पोटावर पाय देऊ नये. येथे तो अक्षरशः पायच असतो.

पाय कोठे टेकवायचा?

प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. असंख्य सूक्ष्म प्राण्यांची ती वसाहत असते आणि त्या प्राण्यांच्या शरीरात राहणारे शैवाल त्यांना अन्न व रंग देते. पोराइट्सचा गोळा चांगल्या पाण्यातही वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीतभर उंचीच्या गोळ्याला वीस वर्षे लागली, असा अंदाज बांधायला हरकत नाही. स्नॉर्केलिंग करणारा दमला, घाबरला किंवा त्याला छायाचित्र काढून घ्यायचे असले, की तो नेमका या गोळ्यावर उभा राहतो. वरचा जिवंत थर अवघ्या काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो पायाखाली चिरडला जातो. कॅरिबियनमध्ये पाणी बरेचदा खोल असल्याने ही संधीच कमी मिळते. मालवणच्या उथळ पाण्यात ती पावलोपावली आहे. म्हणून दमल्यास पाठीवर उताणे व्हावे, जाकीट आपल्याला तोलून धरते. उभे राहायचेच असेल तर वाळू पाहून पाय टेकवावा.

मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकण्याची पद्धतही सोडून द्यावी. पाव टाकताच सार्जंट माशांचा थवा गोळा होतो आणि मुले हरखून जातात, हे खरे. पण खडकावरचे शैवाल खाऊन प्रवाळांना मोकळे ठेवणे हे काही माशांचे काम असते. त्यांना पाव खायला शिकवणे म्हणजे राखणदाराला भलत्याच कामाला लावणे. होडीचा नांगर प्रवाळांवर पडत नाही ना, हेही पाहावे आणि पडत असल्यास बोलावे. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचे नावाडी ऐकतो. सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळांना बाधक ठरत असल्याच्या कारणावरून व्हर्जिन बेटांनी २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली. आपल्याकडे पूर्ण बाह्यांचा जुना सुती सदरा तेच काम स्वस्तात करतो. आणखी एक, किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात प्रवाळांचा समावेश २००१ मध्ये झाला आहे. वाघाला जे संरक्षण, तेच त्यालाही.

पाहुणे कितीही शहाणे असले तरी समुद्र तापण्यावर त्यांचा इलाज नाही. पाण्याचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा एखाद्या अंशाने काही आठवडे अधिक राहिले, की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २००५ मध्ये व्हर्जिन बेटांत असे घडले. पाठोपाठ रोग पसरले आणि तेथील निम्म्याहून अधिक प्रवाळ गेले. २०२३ पासून जगभर असा चौथा मोठा प्रसंग ओढवल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. उन्हाने आधीच दुबळ्या झालेल्या वसाहतीवर कोणी उभा राहिला, तर तिची भरून येण्याची शक्यता आणखी कमी होते.

होडीत बसण्यापूर्वी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पावसाळ्याच्या तोंडावरचे ते दिवस होते. मे महिन्याच्या शेवटी समुद्राचा नूर दोन तासांत पालटतो, त्यामुळे सुट्टी तेव्हाच आहे म्हणून तेव्हाच जाण्याचा हट्ट धरू नये. होडीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसे बसवावीत याची संख्या लिहिलेली आहे का, ते पाहावे आणि माणसे मोजावीत. जाकीट अंगावर घालून पट्टे आवळावेत. ते मांडीखाली घेऊन बसणे निरर्थक होय. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि भरपेट न्याहारी करून निघू नये.

वेळ सकाळची उत्तम. पहाटेचे मतलई वारे मंद असतात आणि पाणी शांत राहते, दुपारी खारे वारे सुरू झाले की लाटा उठतात. पाणी सर्वाधिक स्वच्छ असते ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. भरतीचा अंदाज पंचांगावरूनही काढता येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा जुन्या खलाशांचा आडाखा. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. हा आडाखा मुंबईचा आहे, मालवणात भरती त्याहून थोडी आधी येते. भरतीच्या आसपास प्रवाळांवर पाणी अधिक असल्याने पायही लागत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे दिवस निवडावेत, तेव्हा प्रवाह कमी असतो आणि गाळही कमी ढवळला जातो.

कसे जाल?

शिरवळहून खंबाटकी ओलांडून सातारा, कऱ्हाडमार्गे कोल्हापूर. तेथून राधानगरी आणि फोंडाघाटाने कणकवली व पुढे मालवण. गगनबावड्याचा मार्गही आहे, मात्र घाटाची स्थिती आधी विचारून घ्यावी. रेल्वेने जायचे झाल्यास कोकण रेल्वेची कुडाळ आणि कणकवली ही जवळची स्थानके. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचून मुक्काम करावा. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाने सकाळी थेट पाण्यात उतरू नये. स्नॉर्केलिंग आटोपल्यावर किल्ला पाहण्यास दीड-दोन तास हाताशी राहतात. पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असतात.