डोंगरातली जीप

परवा नातवाचा फोन. "आजोबा, सालेकशाला बदली झाली. गाडी कोणती घेऊ?" मला एकदम जीप आठवली!

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याला खाचखळग्यांतून धावणारी हलकी गाडी हवी होती. त्यातून जीप जन्मली. चारही चाकांना इंजिनाचा जोर, पोट जमिनीपासून उंच. अँगलसी बेटावरच्या शेतात जीप वापरणाऱ्या मॉरिस विल्क्सना तिच्यावरूनच लँड रोव्हर सुचली. ती १९४८ मध्ये आली. आपल्याकडे १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि ती खेड्यापाड्यांत पोचली.

१९८० ची विधानसभा निवडणूक. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं. मतपेट्या घेऊन आम्ही दरेकशाच्या डोंगरात जीपनेच गेलो. हाडं खिळखिळी झाली, पण पेट्या वेळेत परतल्या. वाटेत बिघाड झाला, तो ड्रायव्हरने पान्याने तिथेच काढला.

नातवाला म्हटलं, "जीपच घे असं नाही, आता डांबरी रस्ते आहेत. पण शोरूमसमोरचा रस्ता पाहून गाडी ठरवू नकोस. श्रावणातली वाट आठव. आमगावात तिचा मिस्त्री आहे का, ते विचार. आणि नाल्यावरून पाणी वाहत असेल तर थांब. आमचा जीपवालाही थांबायचा."

असो. तुमची काय निवड?