म्हातारचळ आणि रक्ताची साक्ष

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत कुंभार पिंपळगांव आहे; आणि ज्या जांब गांवीं 1608 सालीं समर्थ रामदासांचा जन्म झाला, तेंही ह्याच तालुक्यांत. दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत जन्मापासून मरणापर्यंतचीं दुःखें वर्णितांना समर्थांनीं वार्धक्यांतील देहाची दैनाही सांगितली आहे. ह्या मुलखांत म्हातारा जेवून उठल्यावर पुन्हां जेवण मागूं लागला, किंवा स्वतःच्या घराची वाट चुकूं लागला, म्हणजे त्याला म्हातारचळ लागला असें लोक म्हणतात. ‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण तर सर्वांच्याच तोंडीं आहे. विस्मरण हा वयाचा धर्म ठरल्यामुळें औषधाचा विचार सुचला नाहीं. आणि चळ हा स्वभावाचा दोष ठरल्यामुळें म्हाताऱ्याच्या वांट्यास बोल मात्र आले.

ही समजूत आपल्याकडचीच होती असें कोणीं समजूं नये. 1901 सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळांत ऑगस्टे डेटर नांवाची 51 वर्षांची बाई दाखल झाली. 1906 सालीं ती वारल्यावर डॉ. आलोइस आल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां त्यांस पेशींबाहेर सांचलेला मळ व पेशींच्या आंत गुंतलेले तंतू दिसले. 1910 सालीं क्रेपेलिन यांनीं ह्या रोगास आल्झायमरांचें नांव दिलें. तरीही तो अकालीं येणारा विरळा रोग मानला गेला, आणि सत्तरीचें विस्मरण तें वयाचेंच, हा समज कायम राहिला. दोन्हीं रोग एकच आहेत असें रॉबर्ट कॅट्झमन यांनीं 1976 सालीं निक्षून सांगितलें. पश्चिमेचीही ‘साठी बुद्धि नाठी’ इतकी उशीरां सुटली!

पुढें 1984 सालीं त्या मळांतील अमायलॉइड नांवाचें प्रथिन वेगळें करण्यांत आलें. तंतूंतील प्रथिनास टाऊ म्हणतात. जिवंत माणसांत त्यांचा माग काढावयाचा तर पाठीच्या कण्यांतील पाणी काढावें लागे, किंवा मोठ्या शहरीं जाऊन किरणोत्सर्गी द्रव्य टोंचून मेंदूचें चित्र घ्यावें लागे. खेड्यांतल्या माणसास हे दोन्हीं मार्ग बंदच होते. आतां तोच माग रक्तांत सांपडतो. पी-टाऊ 217 ह्या टाऊच्या रूपाची रक्तांतील मात्रा ग्रॅमच्या एक लक्ष कोटींश भागांत मोजतात; तिचा उपयोग 2020 सालच्या संशोधनानें दाखविला, आणि मे 2025 मध्यें अमेरिकेच्या औषध प्रशासनानें अशा पहिल्या रक्तचांचणीस मान्यता दिली. परंतु ती 55 वर्षांवरील, लक्षणें दिसूं लागलेल्या माणसांसाठींच.

ही मर्यादा महत्त्वाची आहे. स्टॉकहोम येथें स्मृतिभ्रंश नसलेल्या 2,000 हून अधिक वृद्धांवर 16 वर्षांपर्यंत लक्ष ठेवण्यांत आलें. त्याचा 2025 सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, ज्यांच्या रक्तांत हीं चिन्हें कमी, त्यांस पुढील दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचा संभव फारच थोडा; परंतु ज्यांच्यांत तीं अधिक, त्यांतील निम्म्यांहून अधिकांसही तो झाला नाहीं. शिवाय मूत्रपिंड बिघडलें तरी ही मात्रा वाढते. म्हणून रक्ताची साक्ष ‘नाहीं’ म्हणतांना जितकी भरंवशाची, तितकी ‘होय’ म्हणतांना नाहीं.

आम्हांस भय वाटतें तें येथेंच. असा कागद घरांत आला, तर उद्यां तो औषधासाठीं वापरला जाईल, कीं सातबाऱ्यावरून म्हाताऱ्याचें नांव काढण्यासाठीं? ब-12 जीवनसत्त्व कमी पडलें, गळ्यांतील ग्रंथि मंदावली किंवा मन खचलें, तरी विस्मरण होतें, आणि त्यावर साधे उपाय आहेत. तीं कारणें आधीं शोधावयास हवींत. कुंभाराचें मडकें वाजवून घेतां येतें. बद्द आवाज आला तर तडा असावा असें कळतें. तें कधीं फुटेल हें त्या आवाजावरून कळत नाहीं. पाणी तर तोंवर त्यांतूनच प्यावयाचें असतें.